सदर बेट आपल्या प्रदेशासाठी नाही

ज्या माणसाने जन्मभर इतरांना कोणता देश कुठे आहे हे सांगितलं, त्यालाच एका तळहाताएवढ्या यंत्राने "तुम्ही चुकीच्या ठिकाणी राहता" असं ऐकवावं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. भूगोलसरांवर ती आली. वर ती त्यांनी पदरमोड करून, खास परदेशातून मागवली होती.

सर शाळेतून निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातला भूगोल झाला नव्हता. जिन्यात कुणी सहज "काय उकडतंय" म्हणालं, तर सर त्याला हवेच्या दाबाच्या पट्ट्यांपर्यंत घेऊन जात. परत यायला वेळ लागे. त्यामुळे इमारतीतले लोक जिन्यात सरांना पाहून नुसते हसत आणि हवेविषयी अवाक्षर काढत नसत.

हे सगळं बोलणं सरांना बाहेर जमे. घरातल्या फोनवर मात्र त्यांची वाचा बसे. त्यांची एकुलती लेक लग्न होऊन परदेशी नांदत होती आणि दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. फोन सरांच्या खुर्चीशेजारी, म्हणून आधी सर घेत.

"जेवलात, बाबा?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या. तिकडे हवा कशी आहे?"

"थंड."

मग दोन्ही देशांत एकेक घसा खाकरला जाई आणि लेक म्हणे, "आईला देता?"

सर फोन देत. पुढे तासभर मायलेकी बोलत, हसत, कुणाच्या तरी तिसऱ्याच्या लग्नाची चिरफाड करत. सर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. पान मात्र उलटत नसत, कारण उलटताना आवाज होतो आणि त्यात एखादं वाक्य निसटतं. वर्गातल्या साठ कार्ट्यांना गप्प बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोटच्या पोरीशी दोन मिनिटांपुढे बोलता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोला सांगायची गरज नव्हती.

अशाच एका रविवारी घसा खाकरायच्या जागी लेक म्हणाली, "मी सध्या एक खेळ खेळते, बाबा. हातात धरायचं यंत्र असतं ना, त्यावर. प्रत्येकाला एक बेट मिळतं. झाडं लावायची, मासे धरायचे, नदी हवी तशी वळवायची."

सर खुर्चीत ताठ झाले. "बेट ज्वालामुखीचं आहे की प्रवाळाचं?"

"ते नाही माहीत. पण तुमच्याकडे यंत्र असतं तर तुम्ही आला असतात बघायला. एकमेकांच्या बेटावर जाता येतं. मी पाठवू का एक?"

इथे सरांनी "पाठव" म्हटलं असतं तर ही गोष्ट सुखाने इथेच संपली असती. पण सर म्हणाले, "मुळीच नाही. पोरीने बापाला खेळणं द्यायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? माझं मी घेईन."

सरांचं ते 'माझं मी' घडवून आणायला मेव्हणा तयारच होता. मेव्हणा धंद्यासाठी देशोदेशी फिरे. जगातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे निम्म्या दरात मिळते आणि ती जागा फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची श्रद्धा होती. त्याने स्वस्तात आणलेल्या इस्त्रीने एकदा अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले होते. त्यावर त्याचं म्हणणं असं की इस्त्री चांगलीच आहे, मजला जुना आहे.

"तुम्ही डोळे मिटून बसा, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "लेकीच्या देशात हे यंत्र घेणारे वेडे. मी आता जिथे चाललोय तिथे बघा कसं मिळतं. वर खेळ आत भरलेलाच येतो, फुकट."

"पण इथे चालेल ना?"

"यंत्र म्हणजे यंत्र. ते काय पासपोर्ट विचारतं?"

सरांनी डोळे मिटले. मेव्हण्याच्या बाबतीत ही पद्धत घरात रूढ होती.

मेव्हण्याच्या बॅगेत जागा उरली नाही, म्हणून यंत्र पार्सलने निघालं आणि जकातीच्या कचेरीत येऊन अडकलं. सर स्वतः गेले. लांबलचक दालन, खिडक्याच खिडक्या, आणि बसायला एकच बाक, ज्याच्या एका पायाखाली जुना पुठ्ठा घातलेला. पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने खोका हलवून पाहिला.

"काय आहे हे?"

"यंत्र. हातात धरून खेळायचं."

"म्हणजे खेळणं. पलीकडे."

पलीकडच्या बाईंनी खोक्यावरचं चित्र पाहिलं. "याला पडदा आहे, आत बॅटरी आहे. हे खेळणं कसं? हा संगणक. शेवटची खिडकी."

शेवटच्या खिडकीतले साहेब अनुभवी दिसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "यावरून दुसऱ्या देशातल्या माणसाशी संपर्क होतो का?"

इथे शहाण्या माणसाने नाही म्हणायचं असतं. सर म्हणाले, "त्यासाठीच घेतलंय."

"मग हे संपर्काचं साधन झालं. परवानगी लागेल." साहेबांनी एक कागद ओढला. "वापरणाऱ्याचं वय?"

सरांनी वय सांगितलं. मागची रांग, जी इतका वेळ एकमेकांत भांडत होती, ती शांत झाली.

साहेब जरा पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "नातवासाठी म्हणा की. उगाच कशाला."

"मला नातू नाही," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "हे माझ्यासाठी आहे. मी खेळणार आहे."

यानंतर त्या कचेरीत सरांना कुणी काही विचारलं नाही. रुग्णवाहिकेला वाट द्यावी तसा शिक्का बसला आणि सर खोका छातीशी धरून दालनातून बाहेर पडले. मान ताठ होती. पाठीवर किती नजरा आहेत हे त्यांना न वळताही कळत होतं.

घरी आल्यावर कळलं की यंत्राची पिन भिंतीत बसत नाही. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून जोडण्या आल्या. एकीत एक अशा त्या बसवल्यावर भिंतीतून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी बाहेर आलं आणि त्याच्या टोकाला यंत्र लटकलं. पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली, आणि ती अशा लिपीतली होती की सर आधी यंत्र उलटं धरून पाहू लागले.

त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"भाषा बदला की," मेव्हणा म्हणाला. "सेटिंगमध्ये असतं."

"सेटिंग कुठे आहे?"

"लिहिलेलं असेल बघा."

"लिहिलेलंच आहे सगळं. वाचता येत नाही."

"मग वाचायला शिका, भाऊजी. तुम्ही निवृत्तच आहात."

सरांनी फोन ठेवून बायकोकडे पाहिलं. "तुझा भाऊ," ते म्हणाले. त्या घरात एवढ्या दोन शब्दांत पूर्ण परिच्छेद होत असे.

तरीही सर हटले नाहीत. दिसेल ते बटण दाबत ते आत शिरले. समोर समुद्र आला, वाळू आली, आणि सरांना एक बेट मिळालं. ते प्रवाळाचं नव्हतं. सरांच्या मते ते भूशास्त्रीयदृष्ट्या अशक्य होतं, पण समुद्र निळा होता. त्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन लावला. आपण होऊन लावलेला तो पहिलाच. लेकीने तिच्या बेटाचा क्रमांक सांगितला, सरांनी तो भरला, आणि यंत्राने एक घंटी वाजवून पडद्यावर एक चौकट आणली. सरांच्या पत्नीने आपला मोबाइल त्या चौकटीवर धरला. मोबाइलला सगळ्या भाषा येत. त्याने भाषांतर केलं: सदर बेट आपल्या प्रदेशासाठी नाही.

"आपला प्रदेश म्हणजे कोणता?" सरांनी विचारलं.

"बाबा, हे यंत्र तुम्ही नेमकं कुठून आणलंत?"

सरांनी सांगितलं.

"त्या देशाची यंत्रं वेगळी असतात. ती फक्त तिथल्यांशीच बोलतात. मामाला विचारायला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे मी तुझ्या बेटावर..."

"नाही येऊ शकत. जाऊ दे ना. मी इकडून दुसरं पाठवते."

"नको."

"अहो, त्यात काय आहे?"

"नको म्हटलं ना. मी याच यंत्राने येईन."

फोनमध्ये एक उसासा ऐकू आला. "आईला देता?"

दुसऱ्या दिवशी सरांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलली, आणि तेच वाईट होतं.

"हे यंत्र आमचं नाही, सर."

"त्यावर नाव तुमच्या कंपनीचं आहे."

"नाव आमचंच. पण ते त्या देशासाठी बनवलेलं आहे."

"ते आत्ता माझ्या मांडीवर आहे."

"तरी ते तिथलंच आहे, सर."

"माझी मुलगी इथे जन्मली आणि परदेशी नांदते," सर म्हणाले. "तुमच्या हिशेबाने ती कुठली?"

पलीकडे कळफलकाचा आवाज झाला. "सॉरी सर, मुलींसाठी आमच्याकडे पर्याय दिसत नाही. आमच्या सेवेला आपण किती गुण द्याल?"

"शून्य," सर म्हणाले. "आणि ते सगळ्या प्रदेशांत चालतं."

एव्हाना बातमी जिन्याने खाली उतरली होती. तळमजल्यावर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. ते प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू करत, म्हणून त्यांना सगळे अनुभवी म्हणत. ते चहाला आले आणि त्यांनी यंत्र हातात घेऊन तोललं.

"माझा अनुभव सांगतो. तांदळात ठेवा रात्रभर."

"ओलं झालेलं नाही ते," सरांच्या पत्नी म्हणाल्या.

"तरी ठेवा, वहिनी. नुकसान काय आहे?"

ठेवलं. सकाळी यंत्र तसंच होतं. तांदूळ निवडताना मात्र एक लहान रबरी बूच सापडलं, ते यंत्राचं होतं, आणि ते कुठे बसतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग असं करा," अनुभवी दुसऱ्या चहाला म्हणाले. "नोंदणीत लिहून टाका की तुम्ही लेकीच्या देशात राहता. कोण बघतंय?"

"मी बघतोय," सर म्हणाले. "मी कुठे राहतो ते ठरवायला मी समर्थ आहे. मुलांना नकाशात एक बोट इकडेतिकडे झालं तर मी अर्धा गुण कापायचो, आणि आता स्वतःच समुद्र ओलांडून खोटा बसू?"

"बरं, मग ते प्रदेशाचं कुलूप तोडून घ्या. माझा माणूस आहे."

यावर सरांनी बराच विचार केला. खोटा पत्ता देणं म्हणजे फसवणूक. पण आपल्या घरातल्या आपल्या वस्तूला दुसऱ्याने लावलेलं कुलूप काढणं म्हणजे निव्वळ साफसफाई, असा निवाडा त्यांनी स्वतःच्या बाजूने दिला.

अनुभवींचा माणूस एका जिन्याखालच्या फळीवर बसे. लोक त्याला उस्ताद म्हणत. तो मान आणि खांद्यामध्ये फोन धरून कुणाशी तरी प्लॉटचा व्यवहार बोलत होता. बोलता बोलताच त्याने यंत्र उघडलं, आत फुंकर मारली, दोन ठिकाणी काहीतरी टोचलं आणि मिटलं.

"होऊन गेलं काम."

"हा स्क्रू राहिला," सर म्हणाले.

"तो जास्तीचाच देतात."

कुलूप होतं तसंच राहिलं. फक्त यंत्राचा आवाज कमाल मर्यादेवर गेला आणि तिथेच अडकला. त्या खेळात मासा गळाला लागला की तुतारी वाजते. आता ती तुतारी तळमजल्यापर्यंत ऐकू जाऊ लागली. सर दुपारी खेळत. खालून अनुभवींचा आवाज येई, "सर, आज चांगली लागलीय हो." चार दिवसांनी जिन्यातल्या फळ्यावर सूचना झळकली: दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत मासेमारी करू नये. खाली सचिवांची सही होती. सरांनी ती वाचली, खिशातून पेन काढून 'विश्रांती'ची वेलांटी दुरुस्त केली आणि वर जाऊन गळ टाकला.

रविवारी लेकीने पुन्हा विषय काढला. "बाबा, मी मागवू का तुमच्यासाठी? खरंच सोपं आहे. माझ्या देशाचं यंत्र, माझ्याच भाषेतलं."

"नको."

"का पण?"

"मी एक यंत्र घेतलंय. मला एक यंत्र पुरे आहे."

"तुम्हाला यायचंच नाहीये. तुम्हाला फक्त तुमचं खरं करायचंय."

"असेल."

फोन बंद झाला. "आईला देता?" देखील झालं नाही.

पुढच्या रविवारी फोन सरांच्या शेजारी वाजलाच नाही. तो स्वयंपाकघरात, बायकोच्या मोबाइलवर वाजला. सर खुर्चीत बसून राहिले. "जेवलात?" आणि "गोळ्या?" हे दोन प्रश्न त्यांना इतकी वर्षं अगदीच फुटकळ वाटत आले होते. ते नसल्यावर संध्याकाळ फार लांब झाली.

फोन आटोपून पत्नी बाहेर आल्या. "एक 'हो' म्हणायला काय जातं हो तुमचं?"

"आता हो म्हटलं तर यंत्र जिंकलं."

"आणि आत्ता कोण जिंकलंय?"

सरांनी वर्तमानपत्र उघडलं. या वेळी ऐकण्यासारखं काही नव्हतं, तरी पान उलटलं नाही.

पण पराभव मान्य करणं हा त्यांच्या अभ्यासक्रमात नसलेला विषय होता. लेकीच्या बेटावर जाता येत नाही ना, ठीक. मग हे बेट असं करू की कुठल्याही बेटाने बघत राहावं. सर कामाला लागले. वाचता एक अक्षर येत नव्हतं. बेटावरचे प्राणी येऊन काहीतरी विचारत आणि सर नेहमी वरचं उत्तर दाबत. या धोरणामुळे त्यांच्या डोक्यावर एक केशरी टोपी आली जी निघत नव्हती, आणि शेजारी एक अस्वल राहायला आलं. अस्वल रोज सकाळी दारात उभं राहून लांबलचक काहीतरी सांगे. त्याच्या हातवाऱ्यांवरून सरांनी ओळखलं की तेही आपला अनुभव सांगत असावं.

मात्र फावडं कुठल्या बटणावर आहे हे सापडल्यावर सरांना कुणाचीच भाषा लागेनाशी झाली. डोंगरातून त्यांनी नदी काढली. ती उतारावर सरळ, सपाटीवर वळणावळणाची अशी नेली, जशी ते फळ्यावर रंगीत खडूने काढत. मुखाशी त्रिभुज प्रदेश केला, तोही गाळाच्या हिशेबाने. आणि मधल्या एका मोठ्या वळणाची मान कापून, नदीला नवी वाट देऊन, मागे उरलेलं पाणी अर्धचंद्रासारखं शांत सोडून दिलं. त्या एका तळ्यावर त्यांनी बरेच दिवस घालवले. काठाची वक्रता मनासारखी येईना. तीनदा बुजवलं. तुतारी वाजत राहिली, सूचना फळ्यावर पिवळी पडत गेली.

पत्नी सुरुवातीला दुरून बघत. मग खुर्ची जवळ आली. एकदा त्यांनी मोबाइल पडद्यावर धरला आणि क्लिक असा आवाज झाला.

"आता कशाचं भाषांतर करतेस?" सरांनी विचारलं.

"कशाचंच नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर काही काळाने, रविवार नसताना, सरांच्या शेजारचा फोन वाजला.

"बाबा, यंत्र जवळ आहे?"

"हातात आहे."

"चालू करा. एक क्रमांक सांगते."

"कशाला? तुझं बेट माझ्या..."

"तुम्ही आधी करा हो."

सरांनी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला आणि क्रमांक भरला. घंटी वाजली. सर चौकटीची वाट पाहत राहिले. चौकट आली नाही. सरांच्याच बेटाच्या धक्क्याला एक होडी लागली आणि तीतून एक ठेंगणी बाहुली उतरून आजूबाजूला पाहू लागली. तिच्याही डोक्यावर केशरी टोपी होती.

"अगं," सर म्हणाले. मग पुन्हा, "अगं, तुला कसं काय सोडलं याने?"

"मी पण मागवलं. तुमच्याच देशाचं. म्हणजे तुमचा नाही, माझाही नाही, मामाचा. एक अक्षर वाचता येत नाहीये, बाबा. ही टोपी कशी काढायची?"

"निघत नाही ती. पण तू कशाला हा उद्योग केलास? तुझं चांगलं समजण्यासारखं यंत्र होतं."

"तुम्ही हलणार नव्हतात. मी देश बदललाय एकदा, मला एक यंत्र बदलायला काय?"

घसा खाकरावा असं सरांना वाटलं, पण तिकडच्या देशातही तो खाकरला जाईल अशी भीती वाटली, म्हणून ते उठून चालू लागले. पडद्यावरचे. खुर्चीतले बसलेलेच होते.

"चल माझ्या मागे. गोल बटण दाबून ठेवलंस की पळता येतं. ते अस्वल काही विचारेल, वरचं उत्तर अजिबात दाबू नकोस."

"दाबलं."

"मग आता ते तुझ्याकडेही राहायला येणार."

दोघं नदीच्या काठाने निघाले. लेक दोनदा पाण्यात पडली, एकदा झाडाला चिकटली. सर थांबून वाट पाहत, बटण सांगत, पुन्हा निघत. मधल्या वळणापाशी ते थांबले. अर्धचंद्रासारखं पाणी अगदी शांत होतं.

"हे काय आहे, ओळख," सर म्हणाले.

लेकीने अंदाज बांधला. परीक्षेच्या हॉलमध्ये बांधतात तसा.

"तळं?"

"तळं म्हणे. सहावीत दोनदा शिकवलंय तुला."

"सहावीत मला तुम्ही नव्हता. दुसऱ्या तुकडीला होता तुम्ही. मला ते मिशीवाले सर होते."

सरांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. शेकडो पोरांना त्यांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि घरातल्या पोरीला ते दुसऱ्याच कुणीतरी घाईघाईत सांगितलं होतं.

"खाली बस इथे काठावर," ते म्हणाले. "डावं बटण, दोनदा. हं. याला नालाकृती सरोवर म्हणतात. आता ही नदी बघ. नदीला घाई नसते, पण ती थांबतही नाही. म्हातारपणी ती अशी वळणं घेत घेत..."

स्वयंपाकघरातून पत्नी हात पुसत बाहेर आल्या, दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि चहा टाकायला परत आत गेल्या. पडद्यावर घंटी वाजून एक चौकट आली. त्या अगम्य लिपीत ती काहीतरी ठामपणे सांगत होती, बहुधा मनाई असावी. सरांनी ती न वाचता बंद केली. तिकडे दुसऱ्या देशात लेकीनेही.

"हं, मग?" ती म्हणाली. "नदी वळणं घेते. पुढे?"